काम नसताना मुंबईला

प्रति,
माननीय पर्यटन मंत्री, माननीय परिवहन मंत्री, विधानसभेचे माननीय अध्यक्ष, आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांची वेळापत्रकं जे कोणी आखत असतील ते सगळे,



मी आलापल्लीचा. तालुका अहेरी, जिल्हा गडचिरोली. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करून निवृत्त झालेला मास्तर. आधीच सांगून टाकतो, माझं कोणतंही प्रकरण आपल्याकडे अडकलेलं नाही. पेन्शन मिळते, जमिनीचा वाद नाही, बदली मागायचं वय निघून गेलं. आमच्या बाजूचं पत्र म्हटलं की पाकीट फोडायच्या आधीच त्यावर 'निवेदन' असा शेरा पडत असेल, म्हणून हा खुलासा. आमच्या घरच्या सहा माणसांना मुंबई पाहायची आहे. एवढंच.

सहा माणसं म्हणजे माझी शहात्तर वर्षांची आई, मी, बायको, मुलगा, सून आणि तिसरीतली नात. नातीने पुस्तकात वाचलं, महाराष्ट्राची राजधानी मुंबई, उपराजधानी नागपूर, आणि मला विचारलं, आजोबा, तुम्ही राजधानी पाहिली का? पाहिली होती, एकदा. शिक्षकांच्या मोर्चात गेलो होतो. आझाद मैदानात बसलो, घोषणा दिल्या, वडापाव खाल्ला आणि रात्रीच्या गाडीने परत. म्हणजे मैदान पाहिलं. समुद्र तिथून फार लांब नाही हे मला नंतर नकाशात कळलं.

आईची गोष्ट वेगळी. तिचं माहेर आरमोरीकडचं, झाडीपट्टीतलं. लहानपणी तिने धान निघाल्यावर गावात होणाऱ्या एका नाटकात समुद्र पाहिला. पडद्यावर रंगवलेला. निळ्या लाटा, मागे एक गलबत, आणि पडदा हलला की लाटाही हलत. नाटकाचं नाव तिला आठवत नाही, नायक-नायिका आठवत नाहीत, समुद्र तेवढा आठवतो. खरा तसाच असतो का, एवढं तिला पाहायचं आहे.

तर मी शंभर पानी वही घेतली आणि सहलीचा आराखडा करायला बसलो. ही गोष्ट गेल्या वर्षीची. वही आता भरत आली आहे, सहल अजून झालेली नाही.

पहिलं पान उघडलं तेव्हाच एक प्रश्न मागे लागला, तो अजून सुटलेला नाही. शेजारच्या म्हातारबांना सांगितलं की मुंबईला जायचं म्हणतो, तर ते खाटेवरून उठून बसले आणि म्हणाले, "कोनाचं दुखणं हाये गा?" दुकानदाराने विचारलं, फाइल कोणत्या खात्यात आहे. जुन्या सहकाऱ्याने विचारलं, मोर्चा कधीचा. कुणीच वाईट मनाने विचारलं नाही. आमच्याकडचा माणूस राजधानीकडे निघतो तो ठरलेल्या चार-पाच कारणांनी. नागपूरला जातो तो 'मेडिकल'ला, नाहीतर डिसेंबरात अधिवेशनाच्या मोर्चाला. मुंबईला जातो तो परळच्या टाटा रुग्णालयात, मंत्रालयात, किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला. दुखणं, गाऱ्हाणं आणि वंदन. सहज म्हणून, पाहायला म्हणून, पाय मोकळे करायला म्हणून राजधानीत जाता येतं ही कल्पनाच आमच्यात रुजलेली नाही. आणि आपण ज्या सोयी केल्या आहेत त्या पाहिल्यावर वाटतं, आपल्यातही नाही.

आता वहीतलं दुसरं पान, कधी जायचं. मार्च-एप्रिलात मोह पडतो, भल्या पहाटे वेचायला माणसं रानात. मे महिना तेंदूपत्त्याचा. ज्या घरात रोख पैसा येतो तो तेव्हाच येतो आणि तेव्हाच घरातला प्रत्येक हात गुंतलेला असतो. जूनपासून शेतं, मग रोवणी, आणि पावसाळ्यात भामरागडकडच्या लोकांना पर्लकोटा नदी ओलांडून आमच्यापर्यंत येता आलं तरी पुष्कळ झालं. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद, पण धान उभा. आम्ही पेन्शनवाले असलो तरी चार एकर धान आहेच. राहता राहिला जानेवारी. धान चुरून घरात आलेला, हवा चांगली, पण शाळा चालू. नातीचे पाच दिवस बुडवायचे ठरले. मास्तराच्या घरात हा निर्णय घ्यायला दोन रात्री लागल्या.

मग तिसरं पान. ते खरं म्हणजे तीस पानांचं झालं. कसं जायचं.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर. एवढ्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एक, वडसा, तेही जिल्ह्याच्या वरच्या टोकाला. वडसा ते गडचिरोली हा बावन्न किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन कितीतरी वर्षं झाली, काम चालू आहे. मी शिकवलेली मुलं आता बाप झाली, त्यांची मुलं मला विचारतात, गुरुजी, रेल्वे आली का? आलापल्लीच्या माणसाला स्टेशन गाठायचं तर आष्टी, गोंडपिपरी करत बल्लारपूर. शंभरावर किलोमीटर, सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोरून येणार हे धरून.

बल्लारपूरच्या स्टेशनाचं नाव बल्हारशाह. गोंड राजांच्या बल्लाळशहा या नावाचा तो रेल्वेने केलेला उच्चार. स्टेशन देखणं आहे, ही थट्टा नाही. भिंतीभर वाघ, रानं, पक्षी रंगवलेले. २०१८ साली रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत बल्हारशाह आणि चंद्रपूर या दोन स्टेशनांना देशात पहिला क्रमांक मिळाला. त्या सुंदर फलाटावर उभं राहिलं की ग्रँड ट्रंक येते, तमिळनाडू येते, तेलंगणा येते. इथून एका गाडीत बसून दिल्लीला जाता येतं, चेन्नईला जाता येतं, हैदराबादला जाता येतं. स्वतःच्या राज्याच्या राजधानीला जायचं म्हटलं की मात्र वही काढावी लागते. थेट गाडी नाहीच असं म्हणणार नाही. नंदीग्राम एक्सप्रेस आहे, ती आदिलाबाद, किनवट, नांदेड, परभणी असा सगळा मराठवाडा फिरवत नेते. शहात्तर वर्षांच्या बाईला त्या वळणाने बसवून न्यायचं धाडस घरात एकट्या नातीने दाखवलं. दुसरा रस्ता म्हणजे नागपूर गाठा आणि तिथून विदर्भ किंवा दुरंतो धरा. तिसरा समृद्धी महामार्ग. ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण खुला झाला, सातशे एक किलोमीटर, आठ तासांत मुंबई असं सांगतात. सांगणारे नागपूरपासून मोजतात.

हिशेब असा निघाला. मुलाला रजा सहा दिवसांची. जाण्यात दोन दिवस, येण्यात दोन दिवस. राजधानीला उरले दोन. आई म्हणाली, "आपन पोचेपर्यंत समुद्र आटून जाईल गा."

इथे एक आडवी गोष्ट सांगतो, रागावू नका. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राजवळून मुंबईच्या दिशेने पडघ्यापर्यंत एक विजेची वाहिनी जाते. उच्च दाबाची, १९९९ पासून चालू, लांबी सातशे बावन्न किलोमीटर, क्षमता पंधराशे मेगावॅट. तिला नागपूर लागत नाही, नांदेड लागत नाही, आरक्षण लागत नाही. कोळसा आमच्याकडचा, धूर आमच्याकडचा, राख आमच्याकडची, आणि वीज डोळ्याचं पातं लवायच्या आत तिकडे. सागवानाचंही तसंच. माझ्या घराजवळच वनखात्याचा लाकूड डेपो आहे. इंग्रजांच्या काळापासून आलापल्लीचा साग दूरदूर गेला. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं तेव्हा शोभायात्रा निघाली, रांगोळ्या पडल्या. लाकडाला मिरवत पाठवता येतं, विजेला सरळ रेषेत पाठवता येतं. मग आईला पाठवायचं म्हटलं की एवढं अवघड का होतं, हे भूगोल शिकवूनही मला समजलेलं नाही.

की ते भूगोलाऐवजी इतिहासात शोधायचं? शोधलं. आमची राजधानी आमच्यापासून पावलापावलाने सरकत गेली आहे. गोंड राजांची राजधानी आधी सिरपूरला होती, मग वर्धा नदीकाठी बल्लारपूरला आली, मग खांडक्या बल्लाळशहाने चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, नेली. त्या काळात आमच्या पूर्वजांना राजधानी पाहायची असती तर बैलगाडीने दोन-चार मुक्कामांत पाहून परत आले असते. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि राजधानी दीडशे किलोमीटर वर सरकली. इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत केला, राजधानी नागपूरच राहिली. माझी आई १९४९ ची. जन्मली तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. चालायला लागली तोवर त्याचं नाव मध्य प्रदेश झालं. १९५६ मध्ये आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे बाईने जिल्हा न सोडता चार राज्यं पाहिली. मग १९८२ मध्ये जिल्हाही बदलला. आणि १९५६ च्या त्या नोव्हेंबरात राजधानीने जी झेप घेतली ती थेट समुद्रापर्यंत. त्या वेळी आईला समुद्र पाहायला बोलावलं असतं तर बरं झालं असतं.

नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ चा. विदर्भ राजधानी गमावणार म्हणून वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, हा त्यातला विचार. अधिवेशन होतं. आमची माणसं ते पाहायलाही जातात, टेकडी रोडवर, बॅरिकेडच्या अलीकडून.

सिरोंच्याच्या लोकांनी तर हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला आहे. प्राणहितेवर पूल झाला तसं त्यांना हैदराबाद जवळ पडतं. दवाखाना तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडे, आणि मुलांना राजधानी दाखवायची झाली तर चारमिनारही तिकडेच. महाराष्ट्रातल्या मुलांनी पाहिलेली पहिली राजधानी तेलंगणाची. मला त्यात वाईट काही दिसत नाही, चारमिनार सुंदरच आहे. आपल्याला काही दिसतं का, ते पाहा.

सवलतींबद्दल आपले आभार मानायला हवेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आमच्या सहात आई फुकट, बायको, सून आणि नात अर्ध्यावर, पूर्ण तिकीट मी आणि मुलगा. सुनेने हा हिशेब केला तेव्हा घरात टाळ्या पडल्या. पण आमच्या बसथांब्यावर मुंबईची पाटी लागलेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. आणि जी रेल्वे मुंबईला जाते तिने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती अजून सुरू केलेली नाही. जिथे सवलत आहे तिथे गाडी नाही, गाडी आहे तिथे सवलत नाही. सहा माणसांची सलग आसनं मिळवायची तर साठ दिवस आधी आरक्षण उघडतं त्या सकाळी नेटवर्क हवं. त्या सकाळी आलापल्लीत नेटवर्क होतं. लाइट नव्हती.

यापुढचं पान राहण्याचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आजारी माणसाची मुंबईत सोय होते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे टेकतात. आमच्या तालुक्यातली कितीतरी घरं त्या धर्मशाळेचं नाव हात जोडून घेतात. गाऱ्हाणं घेऊन जाणाऱ्याची सोय पूर्वी आमदार निवासात व्हायची. एका खोलीत पंधरा माणसं, सतरंजीवर. त्या खोल्यांना नावं ठेवणाऱ्यांनी कधी गडचिरोलीहून रात्र काढून मुंबईत उतरून पाहिलेलं नाही. मनोरा आमदार निवास धोकादायक ठरलं, पाडलं, नवं उभं राहतंय. नव्यात सतरंजी अंथरू देतील की नाही, कोण जाणे.

दुखणं नसलेल्या आणि गाऱ्हाणं नसलेल्या कुटुंबाने कुठे उतरायचं? मुलाने मोबाइलवर लॉज शोधले. एकाने फोनवर खोल्या आहेत म्हणून सांगितलं, आधार कार्डांचे फोटो मागवले. फोटो गेल्यावर त्याचा परत फोन आला. "गडचिरोली? म्हणजे ते नक्षलवाले?" मुलगा म्हणाला, नाही हो, आम्ही शिक्षकाचं घर. तो म्हणाला, तसं नाही, पण पोलीस विचारतात, तुमचं मुंबईत काम काय आहे? मुलाने सांगितलं, समुद्र पाहायचा आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग खोल्या भरल्या होत्या. मला त्या माणसाचा राग नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव चाळीस वर्षं बातम्यांत ज्या शब्दांना चिकटून आलं, तेच त्याला आठवलं. फोन ठेवल्यावर मुलगा मात्र बराच वेळ अंगणात उभा होता.

आणखी एक गोष्ट नकाशा पाहताना सापडली. नवी मुंबईत, वाशीला, बाहेरच्या राज्यांची भवनं आहेत. आसामचं आहे, ओडिशाचं आहे, केरळचं आहे, उत्तर प्रदेशचं आहे. ती असावीत, दूरच्या माणसाला परगावी आपलं दार हवंच. महाराष्ट्राचंही दिल्लीत सदन आहे. म्हणजे गुवाहाटीचा माणूस मुंबईत परका आहे हे आपल्याला समजतं, आणि त्याची व्यवस्थाही होते. आलापल्लीचा माणूस घरचाच, म्हणून त्याला दार नाही. राजधानी आमची आहे असं मानलं जातं, त्याचा एवढा तोटा असेल असं वाटलं नव्हतं.

सरकार आम्हाला मुंबई दाखवत नाही असंही मी म्हणणार नाही. गडचिरोली पोलीस दुर्गम भागातल्या मुलामुलींना 'महाराष्ट्र दर्शन' सहलीला नेतात. नागपूर, पुणे, मुंबई. माझे काही विद्यार्थी त्यात गेले. परत आल्यावर आठ-आठ दिवस त्यांच्या तोंडी सरकता जिना होता. चांगलं काम आहे, ज्यांनी सुरू केलं त्यांना माझा सलाम. पण एकदा एका मुलाने निबंधात लिहिलं की मुंबईला जायला पोलीस लागतात. मी त्याचा निबंध तपासला, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, आणि त्या वाक्याखाली काय लिहावं ते न सुचून तसंच ठेवलं. पुण्याच्या मुलाला राजधानी बाप दाखवतो. आमच्या मुलाला पोलीस खातं दाखवतं, आणि तेही त्याने वाट चुकू नये म्हणून. या दोन सहलींत फरक आहे.

मोठ्या संख्येने येणाऱ्या साध्या माणसांची सोय मुंबईला जमत नाही, हे मला कोणी सांगू नये. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपुरात. त्या दिवशी दीक्षा घेतलेल्यांची मुलं-नातवंडं दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला जातात. भाकरी बांधून, लेकरं कडेवर घेऊन. शिवाजी पार्कवर मंडप असतो, पाणी असतं, फिरती शौचालयं, दवाखाना, पुस्तकांचे ठेले. आमच्या भागात ज्या कुटुंबांनी मुंबई पाहिली आहे त्यांतल्या बहुतेकांनी ती या निमित्ताने पाहिली. वंदन झालं की पोरांना घेऊन गेटवेला जातात. मंडप, पाणी आणि विचारपूस असली की लाखोंची सोय होते, हे महापालिका दरवर्षी दाखवून देते. आम्ही सहाजण आहोत.

पाहायचं काय, याची यादी नातीने केली. गेटवे, राणीची बाग, घारापुरी, म्युझियम, 'जिथे कायदे बनवतात ते घर'. मी तिच्यासमोर वार लिहीत गेलो. घारापुरी सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, पण ते यादीतून आईनेच काढलं. जंगल पाहायला मुंबईला जायचं? मंत्रालय शनिवार-रविवार बंद, आणि उघडं असलं तरी आत जायला खातं आणि काम सांगावं लागतं. पुन्हा काम. विधानभवनाला पास हवा, पासाला आमदारसाहेबांचं पत्र. साहेब नाही म्हणणार नाहीत, मी त्यांना ओळखतो. पण त्यांच्या दारात पत्रासाठी उभं राहिलं की मी पुन्हा निवेदनवाला झालो.

अध्यक्ष महोदय, हे विशेष करून आपल्यासाठी. मुंबई महापालिकेच्या त्या देखण्या मुख्यालयात २०२१ पासून वारसा फेरी सुरू झाली, शनिवार-रविवारी, तिकीट काढून कुणीही जावं. जे महापालिकेला जमलं ते विधिमंडळाला जमावं. महिन्यातून एक दिवस ठेवा. ओळखपत्र तपासा, पिशव्या तपासा, फक्त काम विचारू नका. माझ्या नातीला सभागृहातली रिकामी बाकं पाहायची आहेत. भरलेली तिने टीव्हीवर पाहिली आहेत, आणि रिकामी जास्त शांत असतील असं तिचं मत आहे.

पर्यटन मंत्री महोदय, आता उलट बाजूने एकदा पाहा. मुंबईहून आमच्याकडे माणसं येतात. विमानाने नागपूर, गाडीने मोहर्ली, सकाळी जिप्सी. ताडोबाचं आरक्षण, गेटं, गाइड, होमस्टे, सगळं जागच्या जागी. मंगळवारी कोअर बंद, हेसुद्धा दादरच्या माणसाला पाठ असतं. वाघ पाहायला येणाऱ्यासाठी एवढा रस्ता गुळगुळीत करता आला, तोच रस्ता परत मुंबईकडेही जातो ना?

ते पाहुणे वाघ पाहून परत फिरतात, ही दुसरी रुखरुख. चंद्रपूर ही राजधानी होती, हे त्यांना कुणी सांगतच नाही. आम्हालाही कुठे सांगितलं? आरक्षण फसल्यावर गेल्या हिवाळ्यात मी आईला निदान ती जुनी राजधानी दाखवून आणली. एका दिवसात जाऊन येता आलं. चांद्याचा परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा अशी चार वेशीची दारं आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसण अशा पाच खिडक्या. दारांवर हत्तीला दाबून धरलेला सिंह कोरलेला. राणी हिराईने नवऱ्याच्या, बीरशहाच्या, आठवणीत बांधलेली समाधी आहे. नवऱ्यासाठी समाध्या बांधणाऱ्या बायका इतिहासात फार सापडत नाहीत, आई तिथे बराच वेळ बसली. लालपेठेत उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती आडव्या पडल्या आहेत, देऊळ राहून गेलेलं. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाकेंना जिथे २१ ऑक्टोबर १८५८ ला फाशी दिलं त्या तुरुंगाशीही थांबलो. नातीने सगळ्यांचे फोटो काढले.

जटपुरा गेटखाली उभं राहायला मात्र जागा नाही. ऑटो, टेम्पो, हॉर्न. आई भिंतीला पाठ लावून वर पाहत राहिली. "यवढं मोठं फाटक," ती म्हणाली, "आन् आपल्याले कोनी सांगितलंच नाही." परकोटावरची झाडंझुडपं आणि कचरा इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून शेकडो दिवस श्रमदान करून काढला, म्हणून आज भिंत दिसते तरी. त्या भिंतीवरून चालत फिरवणारी रीतसर फेरी, चार पाट्या, बसायला एक सावली आणि ताडोबाच्या परवान्यासोबत 'आमची राजधानीही पाहा' अशी एक चिठ्ठी, याला किती खर्च येईल ते आपल्या खात्याला मोजता येईल.

परिवहन मंत्री महोदय, आपल्याकडे फार थोडं मागतो. अहेरीहून निघणारी एक एसटी अशा वेळेला बल्लारपूर किंवा नागपूर स्टेशनात पोचू दे की समोर मुंबईची गाडी उभी असेल. दोन खाती आहेत, एक राज्याचं, एक केंद्राचं, हे मला ठाऊक आहे. पण दोन खात्यांची ओळख करून द्यायला मधे आईला फलाटावर सहा तास बसवू नका. आणि मुंबईत, स्टेशनाजवळ, दूरच्या जिल्ह्यांच्या कुटुंबांसाठी एक साधं निवास. गादी नको, पंखा आणि स्वच्छ संडास पुरे. दारावर गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार, सिंधुदुर्ग, काय लिहायचं ते लिहा. नोंदवहीत 'येण्याचे कारण' असा रकाना असेलच, आपल्याकडे तो असतोच. तिथे 'पाहायला' असं लिहिलेलं चालेल, एवढी सूचना खालच्या कर्मचाऱ्यांना द्यावी.

येत्या जानेवारीसाठी आम्ही पुन्हा वही उघडली आहे. या वेळी मुलगा नागपूरला भाच्याच्या खोलीवर जाऊन तिथून आरक्षण करणार आहे, लाइट गेली तरी तिथे इन्व्हर्टर आहे. आईने आपली पिशवी भरून खुंटीला लावली आहे. त्यात लुगडी दोन, औषधं, आणि समुद्राचं पाणी आणायला झाकणाची एक बाटली.

आपला,
आलापल्लीचा एक निवृत्त मास्तर

ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं, सोमवार, बुधवार, मंगळवार, शनिवार-रविवार. मग म्हणाली, "समुद्र कोनत्या वाराले बंद रायते, तेवढं साहेबाले इचारून घेजो." कृपया उलटटपाली कळवावे.